काजळीच्या पाच मुली

गलबतांतून फुलझाडं दूरदेशी जायची, त्या काळी मोगऱ्याच्या कुंडीतून एक वाळा सापीण परक्या बेटावर पोचली. गांडुळाएवढी, काळीभोर. नाव काजळी.

"एकटीच आलीस? मग तुझा वंश इथंच बुडाला," तिथला म्हातारा बेडूक म्हणाला. "नराच्या शुक्राणूशिवाय अंड्यात जीव येत नाही, बाई. साऱ्या जगाचा कायदा आहे."

काजळी मनातून घाबरली होती. तिला धड दिसत नव्हतं, ओळखीचं कुणी नव्हतं. तरी ती म्हणाली, "तुमच्या डबक्याचा असेल. माझ्या आईला बाप नव्हता, आजीलाही नव्हता."

बेडकानं ही गोष्ट बेटभर केली. सगळे तिला हसले. काजळी मुंग्यांची अंडी खात राहिली आणि एके दिवशी तिनं ओल्या मातीत तांदळाच्या दाण्यांसारखी पाच अंडी घातली.

"पोकळ असणार," बेडूक म्हणाला.

काही आठवड्यांनी माती हलली. पाच काळे दोरे वळवळत वर आले. पाचही मुली.

बेडूक गडबडला. "यांचा... यांचा बाप कोण?"

"माझ्या आहेत," काजळी म्हणाली. "आता वाटेतून सरका. त्यांना बेट पालथं घालायचंय."