गबरूच्या भाताची फोडणी

भांड्यांना वाचा होती तेव्हाची गोष्ट. शेवंताकाकूंनी दुकानातलं कोरडं खाणं बंद करून गबरू कुत्र्यासाठी घरीच कोंबडी-भात शिजवला. चुलीशेजारी फोडणीचं कढलं चुळबुळायला लागलं. "अहो काकू, घरच्या पोराला बिनफोडणीचं वाढायचं?"

"खरंच गं बाई, पांढरंफटक दिसतंय," म्हणत काकूंनी वरून कांदा-लसणाची चरचरीत फोडणी ओतली.

गबरूने ताट चाटूनपुसून संपवलं. दुसऱ्या दिवशी मात्र तो ओकत घरभर फिरत राहिला. त्याला बसवेना की निजवेना. जनावरांचे डॉक्टर काकूंवर चिडले, "कांदा-लसूण कुत्र्याला बाधतो!"

पुढे गबरू बरा झाला. पातेल्यात पुन्हा साधा भात रटरटू लागला. कढलं तळमळलं, "मग मी माया दाखवायची तरी कशी?"

पातेलं म्हणालं, "खुंटीवर गप्प लटकून."