बेडकुलीची हरवलेली उडी

आमराईत राहायची एक बेडकुली. एवढुश्शी.
एक दिवस उठली, तर उडीच हरवलेली! पोटात गुडगुड. पाय लटलट.
बेडकुली निघाली. फरपट फरपट.

ढोलीत होतं खारूताईचं औषधांचं दुकान. खारूताईनं विचारलं, काल काय प्यालीस? बेडकुली म्हणाली, डबक्यातलं पाणी.
"ही बघ साखर-मिठाची पुडी," खारूताई म्हणाली. "पण डबक्याच्या पाण्यात नाही हं कालवायची. उकळलेलं पाणी आण, मग पुडी देते."

फरपट फरपट. बेडकुली गेली चुलीकडे.
"चूलबाई, पाणी उकळ.
पाणी उकळलं, तर पुडी मिळेल.
पुडी मिळाली, तर उडी मिळेल."
चूल म्हणाली, "मी तर विझलेय. काटकी आण, मग उकळते."

फरपट फरपट. बेडकुली गेली आंब्याकडे.
"आंबेआजोबा, काटकी द्या.
काटकी मिळाली, तर चूल पेटेल.
चूल पेटली, तर पाणी उकळेल.
पाणी उकळलं, तर पुडी मिळेल.
पुडी मिळाली, तर उडी मिळेल."
आंबा म्हणाला, "माझ्या बुडाशी कचराच कचरा. सगळा डबक्यात जातो. तो कावळ्याला उचलायला सांग, मग काटकी देतो."

फरपट फरपट. बेडकुली गेली कावळ्याकडे. कावळा एका पायावर उभा.
"कावळेदादा, कचरा उचल.
कचरा निघाला, तर काटकी मिळेल.
काटकी मिळाली, तर चूल पेटेल.
चूल पेटली, तर पाणी उकळेल.
पाणी उकळलं, तर पुडी मिळेल.
पुडी मिळाली, तर उडी मिळेल."
कावळा म्हणाला, "काव काव, पायाला काच लागली. मलम आण, मग उचलतो."

बेडकुली वैतागली. जो तो म्हणतो, आधी ते, मग हे. आधी करणार कोण?
फरपट फरपट. परत खारूताईकडे.
"खारूताई, मलम दे.
मलम लागलं, तर कचरा निघेल.
कचरा निघाला, तर काटकी मिळेल.
काटकी मिळाली, तर चूल पेटेल.
चूल पेटली, तर पाणी उकळेल.
पाणी उकळलं, तर पुडी मिळेल.
पुडी मिळाली, तर उडी मिळेल."
बेडकुलीनं डोळे मिटले. आता ही कुणाकडे पाठवणार?

खारूताईनं कुणाकडेच नाही पाठवलं.
"चल," ती म्हणाली. "आधी मी."

सरसर सरसर खाली आली. कावळ्याचा पाय धुतला.
मलम लागलं. कचरा निघाला. काटकी मिळाली. चूल पेटली. पाणी उकळलं, बुडबुड बुडबुड.
पाणी निवलं. त्यात पुडी पडली.
"घोट घोट पी," खारूताई म्हणाली.
गुटूक. गुटूक. गुटूक.
बेडकुली जरा निजली. मग उठली.
आणि टुणकन! उडी मिळाली!

दुसऱ्या दिवशी नाकतोडा डबक्यावर वाकला. बेडकुली टुणकन आडवी आली.
"थांब रे. उकळलेलं पी," ती म्हणाली. मग मान ताठ केली. "आणि पोट दुखलं, तर आमच्या खारूताईचं दुकान आहे."

बेडकुलीला मिळाली उडी,
आपल्या गोष्टीची बांधली पुडी.