म्हसू आणि मामाची जीप

घाटाच्या पायथ्याला एक गाव होतं, आणि त्या गावात म्हसू नावाचा एक भोळा गडी राहत होता. अंगाने दांडगा, मनाने लोण्यासारखा. कुणी काही शिकवलं की तो ते कधी विसरायचा नाही. अडचण एवढीच, की एका ठिकाणी शिकलेलं तो दुसऱ्याच ठिकाणी करायचा.

त्याच्या येसबामामाची मुलगी शेवंता. तिचं लग्न म्हसूशी व्हायचं हे दोघं रांगत होती तेव्हापासूनचं बोलणं. शेवंताची ना नव्हती, आणि म्हसू तर तिचं नाव काढलं तरी हातातलं काम विसरायचा. पण मामाने अट घातली. जावयाच्या हाताला काहीतरी हुन्नर पाहिजे. माझी जुनी जीप घाटात दम टाकते, ती नीट करून घाट चढवून दाखव, त्याच दिवशी सुपारी फोडू.

म्हणून म्हसू बाबालाल मिस्त्रींच्या गॅरेजात शिकायला राहिला.

मिस्त्री मायाळू होते. पहिल्याच सकाळी त्यांनी एका नव्या गाडीच्या इंजिनाचं डोकं, म्हणजे हेड, उघडून त्याला जवळ बसवलं. हे व्हॉल्व्ह, म्हणाले, म्हणजे इंजिनाची तोंडं. जुन्या इंजिनात एका सिलिंडरला दोनच असतात. एकातून हवा आत येते, एकातून धूर बाहेर जातो. या नव्याला चार आहेत. तोंडं जास्त, तेवढा श्वास मोकळा.

"आलं ध्यानात, उस्ताद," म्हसू म्हणाला.

दुपारी दौलतराव पोस्टमन सायकलीत हवा भरायला आले. म्हसूने ट्यूब पाहिली. तिला एकच व्हॉल्व्ह. बिचारी एवढ्याशा तोंडाने किती हवा घेणार? त्याने दाभण घेतलं, ट्यूबला आणखी तीन तोंडं पाडली आणि पंप मारायला लागला. ऊन उतरेपर्यंत मारत होता. दौलतरावांनी त्या दिवशी गावाची पत्रं पायी वाटली.

मिस्त्रींनी कपाळाला हात लावला. मग त्याला समजावलं, की बाबा, हवा कोंडून ठेवायची असते तिथे भोक चालत नाही. भोक दिसलं की बंद करायचं.

"आलं ध्यानात, उस्ताद."

दुसऱ्या दिवशी विटांचा ट्रक आला. ड्रायव्हर जेवायला गेला. म्हसू गाडीभोवती फिरला, तर मागे सायलेन्सरच्या नळीला मूठ जाईल एवढं भोक. एवढं मोठं भोक घेऊन हा माणूस गावोगाव हिंडतोय, आणि कुणी त्याला सांगितलंही नाही. म्हसूला वाईट वाटलं. त्याने ओलं गोणपाट आणि चिखल ठासून भोक बंद केलं. ड्रायव्हरने येऊन गाडी चालू केली. ट्रक दोनदा खोकला, तिसऱ्यांदा शिंकला, आणि गोणपाट सुटलं ते रस्त्यापलीकडे गंगूमावशीच्या चहाच्या पातेल्यात जाऊन बसलं.

मिस्त्रींनी म्हसूला हाताला धरून आत नेलं. मग एका ट्रॅक्टरचं इंजिन उघडून त्याला दाखवलं. या लांब सळ्या पाहा, यांना पुशरॉड म्हणतात. कॅम म्हणजे अंगावर उंचवटे असलेला दांडा, तो खाली इंजिनाच्या पोटात फिरतो. व्हॉल्व्ह वर डोक्यात. खालचा धक्का वर पोचवतात त्या या सळ्या. ज्या जागची सळी त्याच जागी ठेवायची असते, म्हसू. यातली एक जरी सळी गेली तरी गाडी गॅरेजच्या बाहेर सोडायची नाही.

"आलं ध्यानात, उस्ताद."

मग डॉक्टरीणबाई आपली नवी गाडी घेऊन आल्या. काम तेल बदलण्याचं होतं, पण म्हसूने इंजिनावरचा झाकणपत्रा काढून पाहिला. आत एकही सळी नाही. त्याने हळूच जाऊन गॅरेजचं शटर ओढलं आणि बाईंसमोर हात जोडून उभा राहिला.

"बाई, जीव घट्ट करा. तुमच्या सगळ्याच्या सगळ्या सळ्या चोरीला गेल्यात."

बाई म्हणाल्या, अरे, गाडी आत्ता चालत आली.

"तेच म्हणतो मी. कशी आली असंल बिचारी."

मिस्त्री येईपर्यंत त्याने शटर उघडलं नाही. दवाखान्यात पेशंट ताटकळले. मिस्त्रींनी बाईंची माफी मागितली आणि म्हसूला म्हणाले, अरे, या गाडीत कॅम वरच बसलाय, व्हॉल्व्हच्या मानगुटीवर. तो आपला आपण व्हॉल्व्ह दाबतो. मग सळ्या कशाला? वजन कमी आणि गाडी चपळ.

"आलं ध्यानात, उस्ताद."

पुढची आली ती दूधवाल्याची जुनी पिकअप. म्हसूने झाकण काढलं तर आत सळ्याच सळ्या. उगाच ओझं. त्याने सगळ्या उपसल्या, आणि पातेलं आपल्यामुळे खराब झालं होतं म्हणून गंगूमावशीला नेऊन दिल्या. मावशीने त्यावर वांगी भाजली. पिकअप जागची हलेना. दूध नासलं. मिस्त्री स्वतः जाऊन वांग्याची साल चिकटलेल्या सळ्या परत घेऊन आले.

या वेळी ते रागावलेही नाहीत. म्हसूला बाकावर बसवून घेतलं आणि शांतपणे म्हणाले, "म्हसू, जुन्या-नव्या इंजिनातला फरक एवढाच ध्यानात धर. जुन्याचा कॅम खाली असतो, म्हणून त्याला सळ्या लागतात, म्हणून घाटात मागं पडतं. नव्याचा कॅम वर असतो, ते सरसर चढतं. आधी कॅम वर का खाली ते बघायचं, मगच हात लावायचा."

म्हसूने हे तीनदा पुटपुटून घेतलं.

शुक्रवारी येसबामामा आला. जीपमध्ये शेवंता, मामाच्या खिशात सुपारी. घाटाच्या वरच्या देवळात सुपारी फोडायची असं तो ठरवूनच आला होता. मिस्त्रींची नमाजाची वेळ झाली होती. जाता जाता ते म्हणाले, मी येईपर्यंत नुसती बघून ठेव. मामा लेकीला घेऊन गंगूमावशीकडे चहाला गेला.

म्हसूने बॉनेट उघडलं. आज चुकायचं नाही, असं त्याने मनाशी घट्ट ठरवलं होतं. त्याने कुठे भोक पाडलं नाही. कुठलं भोक बुजवलं नाही. एकाही सळीला हात लावला नाही. आधी कॅम पाहिला. कॅम खाली होता.

म्हसूने थोडा विचार केला, आणि तालमीत गेला.

मामा चहा पिऊन परतला तेव्हा तालमीतले दहाबारा पहिलवान घाम पुसत उभे होते. जीप टपावर पडली होती. चारही चाकं आभाळाकडे, तेलाचा ओघळ थेट रस्त्यापर्यंत. म्हसू बाजूला उभा, तोंडावर नुसता आनंद.

"कॅम वर घेतला, मामा," तो म्हणाला.

शेवंताने पदर तोंडाला लावला. मामाने खिशातली सुपारी चाचपली आणि आणखी खोल सरकवली. तो जीपभोवती एक फेरी मारून आला. मग त्याने अगदी हळू आवाजात विचारलं, "आणि आता ही घाट कशी चढणार?"

म्हसूने त्याचाही विचार करून ठेवला होता.

"त्याची काळजी नको, मामा," तो म्हणाला. "आता घाट तेवढा उलटा करायचा राहिलाय. म्हणून तर या मंडळींना थांबवून घेतलंय."