शहाण्णव गुणांचं केंद्र

"बाई, टाळं ठोकायचं की नाही, एवढंच सांगा."

हेरंब चपला न काढताच दारात उभा राहिला होता. पाच राज्यांत हिंडून कॅन्सरला शेक देणारी केंद्रं तपासणं हे त्याचं काम. मशीनमधून किती किरण बाहेर पडतात ते मोजायला त्याला धामणसकर बाईंनीच शिकवलं होतं. बाई आता निवृत्त होत्या, पण तपासणी समितीवर त्यांची सही अजून लागायची.

बाई मेथी निवडत होत्या.

"आधी चपला काढ."

तो बसला आणि भडाभडा बोलत सुटला. पठारावरचं गाव, अडीच हजार फूट उंच, तिथलं बायकांचं केंद्र. किरण मोजताना तिथल्या हवेचा दाब धरावा लागतो. तिथला मोजणीवाला पाचर्णे तो दाब रोज मोबाइलवर बघून लिहीत होता. मोबाइल दाखवतो समुद्रसपाटीच्या हिशेबाने, आणि गावातली हवा तर त्याहून विरळ. झालं, सगळी मोजणी चुकली, किरण कमी दिसले म्हणून जास्त सोडले. अकरा महिने प्रत्येक पेशंटला शंभराच्या जागी एकशे नऊ शेक गेला.

"मोबाइल बघून, बाई. आज पाऊस आहे का बघतात ना, तसं."

"पेशंटना भेटलास?"

"कौसाबाई म्हणून एक आहे. गळ्याखालची कातडी सोलवटलीय, पदरही टेकवत नाही. म्हटलं, तक्रार का नाही केली? तर म्हणते, साहेब, बाकावरच्या सगळ्यांचंच असं होतंय, म्हणजे बरोबरच असेल…"

बाईंचा हात थांबला.

हेरंबचा संताप पुन्हा उसळला.

"माझं डोकंच फिरलं. पाचर्णेला सगळ्यांसमोर झापलं. लाज वाटत नाही का, म्हटलं. मशीन थांबवून आलोय. केंद्र कायमचं बंद करायची शिफारस लिहिलीय, फक्त तुमची सही हवी."

"किती जणी आहेत उपचारावर?"

"अडतीस."

"त्या कुठे जातील?"

"दुसरं केंद्र एसटीने नऊ तासांवर आहे… पण म्हणून काय भाजू द्यायच्या?"

"आणि दाबमापक?"

"बिघडलंय. नवं द्या म्हणून तीन पत्रं पाठवली म्हणतो."

"कोणाला?"

"…आपल्या ऑफिसला."

बाईंनी जुडीतली पिवळ्या पानांची एक काडी बाजूला टाकली.

"मध्ये तपासणी झाली असेल ना?"

"झाली होती. दहा महिन्यांपूर्वी."

"कोणी केली?"

गाडी पकडायची होती, दोनच तास हातात होते, असं काहीबाही हेरंबच्या ओठांवर आलं. त्याने ते गिळलं.

"मी. शहाण्णव गुण दिले होते."

त्या गुणांचं, त्याच्या सहीचं प्रमाणपत्र फ्रेम करून मशीनच्या दाराशी लावलंय. कौसाबाई रोज त्याच्याच खाली बसते. हे मात्र त्याने सांगितलं नाही.

"दाबाचं काय लिहिलंस?"

"फॉर्ममध्ये प्रश्न आहे, दाब रोज नोंदवतात का? हो किंवा नाही. वही चोख होती, एक दिवस रिकामा नव्हता. मी 'हो'वर खूण केली."

"आणि फॉर्म कोणाचा?"

त्याचे कान तापले. तो फॉर्म त्यानेच बनवला होता. पाचही राज्यांत तोच चालायचा, आणि हे तो चारचौघांत दहादा ऐकवायचा.

"माझा."

"वही चोख आणि माणसं भाजलेली. असली तपासणी काय चाटायचीय?"

बाईंचा आवाज चढला नव्हता. हेरंबला वाटलं, त्यापेक्षा ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

त्या उठल्या. कपाटातून स्वतःचं दाबमापक काढलं, पदराने पुसलं आणि त्याच्या मांडीवर ठेवलं. मग शिफारशीचा कागद घेऊन त्यात मेथीच्या काड्या गुंडाळल्या.

"उद्या कोणाबरोबर तरी पाठवून देतो…" तो पुटपुटला.

"तू जायचंस."

"बरं. गेल्या गेल्या मोजणी करतो."

"मोजणी नंतर. आधी बाकावर बस, आणि त्या बायकांना तुझं नाव सांग."