राउटरचा पत्ता

लेकीवर सारखं ओरडून मी आई कमी आणि भोंगा जास्त झाले आहे का, या काळजीने काल झोप लागली नाही. म्हणून सकाळी मनवाला ही गोष्ट सांगितली.

एका घरात एक राउटर होता. सगळी यंत्रं त्याच्या पत्त्यावर निरोप धाडायची आणि तो ते बाहेर पोहोचवायचा. एकदा ऑफिसातून लॅपटॉप आला आणि घरचं इंटरनेटच बंद पडलं.

"कामचुकार!" टीव्ही राउटरवर खेकसला. घरच्या बाईने त्याला दहादा बंद-चालू केलं, वर चापट्या मारल्या. "उद्या भंगारात देते तुला!"

"अहो, निरोप माझ्यापर्यंत येतच नाहीत," राउटर कळवळला.

शेवटी म्हाताऱ्या फोनने लॅपटॉपला बंद व्हायला लावलं. लगेच सगळं सुरू झालं.

"मेल्या, राउटरचा पत्ता तू लावून बसलास?" फोन कडाडला. "सगळ्यांचे निरोप तुझ्याकडे येऊन पडत होते!"

"ऑफिसात माझा हाच पत्ता होता. मी का बदलू?"

"मग राहा बंद!" सगळे ओरडले. तेव्हा कुठे लॅपटॉपने मुकाट्याने नवा पत्ता घेतला.

मनवाने विचारलं, "आई, त्या बाईने राउटरला सॉरी म्हटलं?"