स्टँडवरची गाडी

"पेट्रोल संपलं का?"

"नाही बाई. टाकी भरलेली आहे."

"मग पंक्चर?"

"नाही."

"मग एवढ्या उन्हात ढकलत का आणलीस, शांतवन?"

शांतवन पारधेने बायकोची स्कूटर चिंचेखाली स्टँडवर लावली. रुमालाने आधी तिचा आरसा पुसला, मग स्वतःचा चेहरा.

"सुगंधा गेल्यापासून हिच्यावर कुणी बसलेलं नाही..."

रत्नमालाबाई उजागरे ओसरीवर शेंगा फोडत बसल्या होत्या. चाळीस वर्षं त्यांनी वस्त्यावस्त्यांवर पायी हिंडून येशूचं शुभवर्तमान सांगितलं. शांतवनला अक्षरं आणि प्रार्थना दोन्ही त्यांनीच शिकवल्या. आता तो मंडळीचा, म्हणजे तिथल्या चर्चचा, पंच होता, आणि व्यासपीठावरून बोलायला उभा राहिला की लोक सरसावून बसत.

"गेल्या महिन्यातलं तुझं भाषण ऐकलं," बाई म्हणाल्या. "आजच्या मूर्ती दगडाच्या नसतात म्हणालास. मोबाइल, टीव्ही, बंगला, मुलांचे मार्क..."

"आवडलं का?"

"माझ्या शेजारी मार्थाकाकू बसते. तुझ्या आवाजाने तिला जाग आली."

शांतवन हसला. मग त्याची मान ताठ झाली.

"नुसतं बोललो नाही, बाई. परवा हंगामाच्या सणाला कुणी भोपळे आणले, कुणी कोंबड्या. मी ही गाडी वेदीपुढे ठेवली."

"ठेवलीस. आणि आज पुन्हा तुझ्याकडेच आहे."

शांतवन पुन्हा आरसा पुसू लागला.

सणाच्या दिवशी देवाला वाहिलेल्या वस्तूंचा उपासनेनंतर लिलाव करायचा, असा तिथला रिवाज. लोक बोली लावून त्या घरी नेतात, आलेला पैसा मंडळीच्या कामाला जातो. भोपळे गेले. कोंबड्या गेल्या. गाडीची पाळी आली, तेव्हा पहिली बोली तबिथाने लावली. ती आशाताई, गावची आरोग्यसेविका. रोज तीन वस्त्या पायी तुडवून बाळंतिणींना बघून येणारी. बोलता बोलता तिने सहज सीटवर हात टेकला.

तो हात शांतवनने पाहिला आणि त्याच्या तोंडून वरची बोली निघून गेली. तिने वाढवली. त्याने आणखी वाढवली. शेवटी तबिथाने पदराने तोंड पुसलं आणि ती मागे सरली. टाळ्या पडल्या. एकाच माणसाने एकच वस्तू देवाला दोनदा दिली, म्हणून सगळ्यांना कौतुक.

"ही मूर्ती आहे का, एवढंच सांगा," शांतवन म्हणाला. "आहे म्हणालात, तर आत्ता त्या विहिरीत ढकलून देतो."

"ती पिण्याच्या पाण्याची आहे."



बाईंनी दोन शेंगा फोडल्या. "घरी काय करतोस हिचं?"

"पहाटे उठलो की चालू करतो. स्टँडवरच. दहा मिनिटं... बॅटरी उतरू नये म्हणून."

"आणि?"

"मागचं चाक फिरत राहतं. मी शेजारी पायरीवर बसतो. ती शाळेला निघायची तेव्हा हाच आवाज यायचा. डोळे मिटले की वाटतं, आता हॉर्न वाजेल. म्हणेल, अहो, डबा राहिला, तेवढा आणून द्या..."

"म्हणते का?"

चिंचेतून वारा गेला.

"नाही."

"आणि प्रार्थना?"

"व्यासपीठावर होते, बाई. घरी गुडघे टेकतो, पण शब्द येत नाहीत. दोन वर्षं झाली. तिकडून काहीच ऐकू येत नाही... इकडे निदान इंजिनाचा आवाज तरी येतो."

बाईंनी सूप बाजूला सारलं. खांबाला धरून उठल्या, चपला पायात सरकवल्या आणि चिंचेखाली गेल्या. पदर कमरेला खोचला. आणि मागच्या सीटवर एका अंगाने बसल्या.

"बाई, तिथं नको..." शांतवन धावला. त्याचा हात पुढे आला आणि हवेतच थांबला.

"तबिथाच्या घरी चल."

"आज? दोन दिवस द्या. मी स्वतः..."

"मी पंच्याऐंशीची आहे, शांतवन. मला उद्यावर टाकू नकोस."

बराच वेळ तो किल्ली मुठीत धरून उभा राहिला. मग पुढे बसला. स्टँड काढला. बाईंच्या वजनाने गाडी थोडी दबली आणि चाक जमिनीला टेकलं.

किल्ली फिरवताच तोच आवाज आला. तोच. पण या वेळी चिंच मागे सरू लागली. ओसरी मागे गेली, विहीर मागे गेली.

फाटकापाशी त्याने ब्रेक दाबला. त्याचे खांदे हलत होते. बाईंनी त्याच्या पाठीवर हात ठेवला.

"देतो," तो म्हणाला. "तबिथाला देतो. पण अंगणातली ती जागा... पहाटे उठून मी बघू कशाकडे, बाई? ती रिकामी राहील."

"राहू दे," बाई म्हणाल्या. "रोज झाडून ठेव."