म्हैस आणि पांढरं वासरू

गुरं आणि माणसं एकमेकांशी बोलत, त्या काळातली गोष्ट. सगुणाबाईच्या गोठ्यात एका म्हशीचं रेडकू दगावलं. दुःखाने तिने कडब्याला तोंड लावणं सोडलं. त्याच आठवड्यात शेजारच्या दाव्याला बांधलेली गाय साप चावून मेली आणि तिचं पांढरं वासरू उपाशी राहिलं. सगुणाबाईने ते म्हशीपुढे आणलं.

"बये, एवढं जगव गं."

म्हशीने शिंगं उगारली. "हे माझं नाही. माझं काळं होतं."

"ठाऊक आहे," वासरू हळू आवाजात म्हणालं. "माझी आई पांढरी होती."

म्हशीने उगारलेली शिंगं खाली घेतली. मग तिने त्याचं कपाळ चाटलं आणि मागचा पाय अलगद बाजूला घेतला. वासरू लुचू लागलं, तसा तिला पान्हा फुटला.